हवा गेल्यावरही चालणारे टायर

जुन्या बाजारातून एखादी बीएमडब्ल्यू वा मर्सिडीज घेणारा गृहस्थ गाडीची कागदपत्रे, विम्याची मुदत, इंजिनाचा आवाज आणि रंगावरील ओरखडे यांची जेवढ्या बारकाईने चौकशी करतो, तेवढ्या बारकाईने डिकीचा तळ उचलून पाहत नाही. आणि पुढे कधीतरी तो तळ उचलला गेला म्हणजे तेथे स्टेपनी नाही, पुष्कळदा जॅक नाही आणि पानाही नाही, हे पाहून आधीच्या मालकाने आपल्याला फसवले असा त्याचा पहिला ग्रह होतो. वस्तुतः यात बहुतेक वेळा कोणाचीही लबाडी नसते. त्या गाडीत स्टेपनी ठेवण्याची तजवीज कारखान्यानेच केलेली नसते, कारण तिच्या चारही चाकांवर ‘रनफ्लॅट’ जातीचे, म्हणजे हवा पूर्णपणे निघून गेल्यानंतरही काही अंतर गाडी वाहून नेणारे टायर चढवलेले असतात. या टायरचे पंक्चर काढावे की नाही, तो झिजला असता पुन्हा त्याच जातीचा घ्यावा की साधा घ्यावा, आणि साधा घेतल्यास गाडीच्या सुरक्षिततेत काय उणे पडते, हे प्रश्न अशा प्रत्येक मालकापुढे आज ना उद्या उभे राहतात. त्यांची उत्तरे मात्र दुकानागणिक निराळी मिळतात, म्हणून त्यांचा थोडा सविस्तर विचार करणे इष्ट आहे.

टायर गाडीचा भार पेलतो असे आपण व्यवहारात म्हणतो, परंतु खरा भार पेलते ती त्यात कोंडलेली हवा. रबर, धागे आणि पोलादी तारा यांचे मुख्य कार्य त्या हवेला आकारात धरून ठेवण्याचे व रस्त्याशी पकड राखण्याचे असते. हवा निघून गेली की साध्या टायरची बाजूची भिंत, म्हणजे दुकानदार जिला ‘साइडवॉल’ म्हणतात ती, मुडपून रिमखाली येते, रिमची धार तिला रस्त्यावर दाबून धरते आणि थोडक्याच अंतरात ती चिरडून निकामी होते. रनफ्लॅट टायरमध्ये या भिंतीच्या आतल्या अंगाला उष्णता सोसणाऱ्या कठीण रबराची चंद्रकोरीच्या छेदाची जाड पट्टी बसवलेली असते, त्यामुळे हवा गेली तरी भिंत मुडपून पडत नाही. ती स्वतःच खांब होऊन भार उचलते.

तथापि हा खांब स्थिर उभा नसतो. 225/45 आर 17 हे पुष्कळ मध्यम मोटारींना लागणारे माप घेतले, तर त्या टायरचा परीघ जवळजवळ 2 मीटर आणि भिंतीची उंची सुमारे 10 सेंटिमीटर भरते. ताशी 80 किलोमीटर वेगाने असे चाक दर सेकंदाला सुमारे 11 वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि एकदा सरळ होतो. 80 किलोमीटर अंतरात अशी वाकण्याची आवर्तने चाळीस हजारांच्या घरात जातात. रबर वाकवण्यासाठी जी शक्ती खर्च होते ती सगळीच्या सगळी परत मिळत नाही. तिचा काही अंश दर खेपेला उष्णतेच्या रूपाने रबरातच साचत राहतो, आणि हवेचा आधार नसताना भिंतीचे वाकणे कितीतरी अधिक असल्यामुळे ही साठवणही तितकीच अधिक होते. रनफ्लॅट टायर अखेरीस निकामी होतो तो भाराने नव्हे, या उष्णतेने. रबर आणि आतील धागे यांची पकड सुटते, भिंतीचे थर एकमेकांपासून विलग होऊ लागतात, आणि हे सर्व घडत असताना बाहेरून टायर पुष्कळदा धडधाकट दिसतो. या लेखात पुढे जे काही सांगावयाचे आहे त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

हवेवाचून चालणाऱ्या चाकाचा शोध अलीकडचा नाही. ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीने 1970च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘डेनोव्हो’ नावाची योजना बाजारात आणली. तीत टायर रिमवरून निसटू नये अशी खास रिम होती आणि हवा गेल्याबरोबर आतील कुप्यांतून एक द्रव बाहेर पडून आतल्या पृष्ठभागांना वंगण घालीत असे. त्या काळच्या मिनी 1275 जीटी या छोट्या गाडीवर हे टायर मिळत. 1980च्या दशकात पोर्शे 959 या अतिवेगवान गाडीसाठी जपानच्या ब्रिजस्टोनने असे टायर पुरवले. अमेरिकेत 1997 साली आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीने गुडइयरचे रनफ्लॅट स्वीकारून स्टेपनी अजिबात काढून टाकली. फ्रान्सच्या मिशेलिनने ‘पॅक्स’ नावाची निराळीच वाट धरली, तीत भिंत जाड करण्याऐवजी रिमभोवती आधाराचे कडे बसवलेले असे. बुगाटी व्हेरॉनसारख्या गाडीवर ती योजना गेली खरी, परंतु खास रिम, खास टायर आणि ते चढवण्या-उतरवण्याची खास यंत्रे यांच्यामुळे सामान्य मालकाला दुरुस्ती दुर्लभ झाली आणि ती योजना टिकली नाही. नेहमीच्या दुकानात नेहमीच्या यंत्रावर निघू शकेल असा जाड भिंतीचा टायरच अखेर तगला. त्याला खऱ्या अर्थाने घरोघरी नेले ते बीएमडब्ल्यूने. या शतकाच्या पहिल्या दशकात तिने आपल्या बहुतेक गाड्यांवर हे टायर सरसकट दिले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच कंपनीच्या ‘एम’ मालिकेतील एम 3 सारख्या वेगवान गाड्या मात्र साध्या टायरांवरच येत राहिल्या, कारण हलके चाक आणि लवचीक भिंत यांवाचून रस्त्याची सूक्ष्म जाणीव चालकाच्या हातात येत नाही, हे त्या गाड्या घडवणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक होते.

या टायरांविषयी जी हमी दिली जाते ती सामान्यतः अशी असते की हवा गेल्यानंतर ताशी 80 किलोमीटरच्या मर्यादेत 80 किलोमीटरपर्यंत जाता यावे. बीएमडब्ल्यूच्या त्या काळच्या हस्तपुस्तिकांत या हमीचा अधिक प्रामाणिक खुलासा आढळतो: गाडीत एक-दोन माणसे असतील तर सुमारे 250 किलोमीटर, मध्यम भार असेल तर सुमारे 150, आणि पाच माणसे व डिकीभर सामान असेल तर अवघे 50 किलोमीटर. दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब निघालेल्या माणसाच्या वाट्याला यातील शेवटचा आकडा येतो. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाची लांबी 94 किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा तेथे कोठेही हवा गेली तरी भरल्या गाडीनेदेखील कोणत्या तरी शहराच्या वेशीपर्यंत पोचता येते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरांचा आहे, तेथे कारला ताशी 120 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे, आणि वैशाखातल्या दुपारी काँक्रीट एवढे तापलेले असते की टायर आधीच ऊन झालेला असतो. तेथे 50 किलोमीटरच्या आत बाहेर पडण्याची वाट बहुधा मिळेल. परंतु त्या वाटेने गेल्यावर आपल्या मापाचा रनफ्लॅट टायर विकणारे दुकान मिळेल, याची खात्री देता येत नाही. टायर आपल्याला संकटातून बाहेर काढतो, तो मुक्कामी पोचवीलच असे नाही.

भिंत ताठ असल्याने चाकातील हवा गेली तरी चालकाला काही जाणवत नाही, म्हणून रनफ्लॅट टायरांबरोबर दाबाची खबर देणारी यंत्रणा अनिवार्य मानलेली आहे. काही गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत व्हॉल्व्हपाशी एक छोटा संवेदक बसवलेला असतो आणि तो प्रत्यक्ष दाब मोजून कळवतो; काहींत गाडी चारही चाकांच्या फिरण्याची गती ताडून पाहते, कारण हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि ते इतरांपेक्षा जरा अधिक वेगाने फिरू लागते. कोणतीही पद्धत असो, समोरच्या तक्त्यावर पिवळा दिवा लागला की ‘बघू पुढच्या पंपावर’ असे म्हणणे हा या टायरांच्या बाबतीतला सर्वांत महाग पडणारा आळस होय. वेग तत्काळ कमी करावा, आणि त्या क्षणीचा किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. तो आकडा का हवा, ते आता सांगतो.

दुरुस्तीच्या प्रश्नावर टायर बनवणाऱ्या कंपन्यांत एकवाक्यता नाही. काही कंपन्या रनफ्लॅटचे पंक्चर काढण्यास सरळ मनाई करतात. काही विशिष्ट अटींवर परवानगी देतात, आणि पुष्कळदा ती टायरच्या उभ्या आयुष्यात एकदाच वापरता येते. म्हणून पहिले काम म्हणजे आपल्या टायरच्या कंपनीचा लेखी नियम पाहणे. त्या नियमाने वाव दिला तरच पुढचा विचार करावा. आणि तो विचार छिद्र केवढे आहे यापेक्षा टायर हवेवाचून किती चालला, यावर अधिक अवलंबून आहे. रात्री खिळा घुसला, हवा हळूहळू उतरली, सकाळी दिवा दिसला आणि गाडी जागची हलवण्यापूर्वीच हवा भरून घेतली, तर टायरच्या भिंतीला फारसा उपसर्ग झालेला नसतो. त्याच खिळ्याने 30 किलोमीटर रिकामे चालायला लावले असेल, तर छिद्र सुईएवढे असले तरी टायर संपलेला समजावा.

परीक्षा कशी करतात ते एकदा समोर उभे राहून पाहण्याजोगे आहे. जाणता कारागीर प्रथम व्हॉल्व्हची सुई काढून उरलीसुरली हवा सोडतो, टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमवरून सोडवतो आणि टायर पूर्ण उतरवून उजेडाकडे उघडा धरतो. मग तो आत हात घालून भिंतीच्या आतल्या अंगावरून तळवा सबंध गोल फिरवतो. तळव्याला काळी, बारीक भुकटी लागली तर आतले रबर घासून झिजले आहे. बोटांना सुरकुत्यांची ओळ लागली, किंवा उजेडात आतला अस्तराचा थर एखाद्या पट्ट्यात निळसर-जांभळा पडलेला दिसला, तर ती उष्णतेची खूण आहे. बाहेरच्या भिंतीवर चहूबाजूंनी एक दबलेली रेघ उमटलेली असली तर रिमची धार तेथे टेकून गेली आहे. यातील एक जरी खूण आढळली तरी दुरुस्तीची गोष्ट तेथेच थांबवावी. एकही आढळली नाही, छिद्र नक्षीच्या मधल्या पट्ट्यात आहे, खांद्यावर वा भिंतीत नाही, आणि त्याचा व्यास 6 मिलिमीटरहून कमी आहे, तरच आतून ठिगळ आणि त्याला जोडलेली छिद्र भरणारी दांडी, अशी एकत्र दुरुस्ती करावी. आपल्याकडे सर्वत्र प्रचलित असलेली, टायर न उतरवता बाहेरून टोच्याने चिकट दोरी खुपसण्याची पद्धत साध्या ट्यूबलेस टायरला वाटेत तात्पुरती उपयोगी पडते. रनफ्लॅटला ती धोक्याची आहे, कारण तिच्यात आतली भिंत कोणी पाहतच नाही. पाच मिनिटांत काम उरकून देणाऱ्या कारागिराला यात दोष देण्याचे कारण नाही. टायर रनफ्लॅट आहे आणि तो अमुक किलोमीटर रिकामा चालला आहे, हे मालकानेच त्याला सांगितलेले नसते. टिपून ठेवलेला आकडा कामी येतो तो येथे.

नवा टायर घेण्याची वेळ आली म्हणजे भिंतीवरील अक्षरे वाचता आली पाहिजेत. एकाच गुणाला प्रत्येक कंपनीने आपापले नाव दिलेले आहे: ब्रिजस्टोनचे ‘आरएफटी’, मिशेलिनचे ‘झेडपी’, कॉन्टिनेंटलचे ‘एसएसआर’, गुडइयरचे ‘आरओएफ’, मर्सिडीजसाठी बनवलेल्या टायरवर ‘एमओई’ आणि बीएमडब्ल्यूसाठीच्या टायरवर ‘आरएससी’ व बहुधा एक छोटी चांदणी असते. ही खूण नसलेला, परंतु माप तेच असलेला टायर दुकानदार पुढे करील तर तो साधा आहे हे जाणून घ्यावे. उत्पादनाचा काळ चार आकड्यांत कोरलेला असतो, पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. रनफ्लॅटची विक्री संथ असल्यामुळे दुकानात पडून राहिलेला माल मिळण्याचा संभव येथे अधिक असतो, तेव्हा हे आकडे पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. ताठ भिंतीचा टायर चढवण्यासाठी सहायक दांडा असलेले यंत्र लागते. नुसत्या पहारीने जबरदस्ती केली तर कड फाटते आणि आतला संवेदक मोडतो. एक टायर गेला तर निदान त्या आसावरची जोडी सारखी असावी, आणि एका आसावर रनफ्लॅट व साधा अशी सरमिसळ कदापि करू नये. दोन्ही भिंती निरनिराळ्या वाकतात आणि ओल्या वळणावर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढ घेते.

आता राहिला रनफ्लॅटला सोडचिठ्ठी देण्याचा प्रश्न, आणि मनापासून सांगायचे तर महाराष्ट्रातील पुष्कळ मालकांनी तो गंभीरपणे विचारात घ्यावा असे माझे मत आहे. खड्ड्याचा आघात साध्या टायरची भिंत वाकून बराचसा गिळते. रनफ्लॅटची भिंत तो जवळजवळ तसाच रिमकडे आणि रिममार्फत गाडीतल्या माणसांकडे पाठवते. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर याचा परिणाम मणक्याला जाणवतो तसा अलॉय रिमवरही होतो. रिमला तडा जातो, आणि तडा गेलेली रिम वेल्डिंग करून पुन्हा महामार्गावर नेणे हे टायरवरील बचतीपेक्षा फार मोठे संकट ओढवून घेणे आहे. शिवाय खड्ड्याने भिंतीला फुगा आला तर रनफ्लॅटही साध्या टायरइतकाच बाद होतो, आणि त्याची किंमत मात्र साध्यापेक्षा बरीच अधिक असते.

परंतु बदल करायचा तर पुरता करावा. चारही टायर एकदम बदलावेत. माप, भारांक आणि वेगाचे अक्षर हस्तपुस्तिकेत दिले आहे त्याहून उतरते नसावे. दाबाची खबर देणारी यंत्रणा काढू नये, उलट नव्या टायरांवर तिची पुन्हा नोंद करून घ्यावी. आणि केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवावा. रनफ्लॅटसाठी जुळवलेल्या सस्पेन्शनवर साधे टायर आले की गाडी मऊ होते, तिचे वळण मात्र काहीसे सैल वाटते. थोड्या दिवसांत हात त्याला सरावतो. खरी जबाबदारी पुढेच आहे. स्टेपनीविना साध्या टायरांवर फिरणारी गाडी ही रनफ्लॅटवरील गाडीपेक्षा अधिक असुरक्षित असते. म्हणून डिकीत जागा असेल तर त्याच गाडीची, तेवढ्याच बोल्टांची, ब्रेकवरून सुखरूप फिरणारी अरुंद स्टेपनी, जॅक व पाना यांसह ठेवावी; जागा नसेल तर निदान हवेचा छोटा काँप्रेसर आणि छिद्र बुजवणाऱ्या द्रवाची बाटली बाळगावी, आणि त्या बाटलीवरील मुदत वर्षातून एकदा तपासावी. केंद्र सरकारने 2020 साली मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीने दाबाची यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असलेल्या ट्यूबलेस टायरांच्या कारना स्टेपनीची सक्ती उरली नाही. परंतु नियमाने सूट दिली म्हणून त्या द्रवाने फाटलेली भिंत जुळत नाही, तो नक्षीतले लहानसे छिद्र तेवढे बुजवतो. आतूनच चिकट थर असलेले, खिळा निघताच स्वतः छिद्र मिटवणारे टायरही हल्ली मिळतात; त्यांची मर्यादाही हीच.

ज्यांनी रनफ्लॅट सोडू नयेत असेही मालक आहेत. रात्री-अपरात्री एकट्याने घाट ओलांडणारे डॉक्टर, जॅक लावून चाक उतरवण्याची ज्यांच्या अंगात शक्ती उरलेली नाही असे वृद्ध, आणि अंधारात निर्जन रस्त्यावर गाडी थांबवणे ज्यांना सुरक्षित वाटत नाही अशा स्त्रिया, यांच्यासाठी ते 50 किंवा 80 किलोमीटर हीच त्या टायरची खरी किंमत आहे, आणि ती चढी असली तरी अवाजवी नाही. शहरात ने-आण करणाऱ्याने आणि कुटुंबासह दिवसाउजेडी प्रवास करणाऱ्याने मात्र स्टेपनीची सोय करून साधे टायर घालावेत, हा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

टायरांच्या दुकानदारांना मात्र एक विनंती करावीशी वाटते. रनफ्लॅटचे पंक्चर काढले तर पावतीवर केवळ रक्कम न लिहिता दुरुस्तीची तारीख, टायर किती अंतर हवेवाचून चालल्याचे मालकाने सांगितले तो आकडा, आणि आतून पाहिल्यावर काय आढळले, एवढ्या तीन गोष्टी लिहून द्याव्यात. आणि मालकाने ती पावती गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवून, गाडी विकताना नव्या मालकाच्या स्वाधीन करावी.